थोरली, धाकटी आणि आनंदराव चाफले

माणूस गेल्यावर लोक त्याच्याबद्दल चार शब्द बरे बोलतात. आनंदराव चाफले गेले तेव्हा मात्र घाटावर जमलेली आमच्या संस्थेतली जुनी मंडळी त्यांच्या भित्रेपणाचे किस्से सांगून एकमेकांना हसवत होती. घराचं कुलूप नीट लागलं की नाही हे बघायला ते सीताबर्डीवरून परत घरी गेले होते. घरातला साधा दिवा लावायचा तरी पायात रबरी चप्पल घालायचे. मुलाच्या लग्नात मांडवाच्या प्रत्येक लोखंडी खांबाला त्यांनी आधी हाताची मागची बाजू लावून पाहिली, करंट नाही अशी खात्री केली, मगच पाहुण्यांना आत येऊ दिलं. शेवटी कोणीतरी फोनची वायर उपटल्याचा किस्सा काढला आणि सगळे जास्तच हसले. मला राग आला. त्यांच्यापेक्षा स्वतःचाच जास्त आला, कारण तो किस्सा मीच पसरवलेला आहे आणि तो अर्धा आहे.

मी प्रेमिला बोंदरे. सत्त्याऐंशी साली पंचवीस वर्षांची होते आणि पूर्व विदर्भ ग्रामीण वीज सहकारी संस्थेत संगणकाची इंजिनीअर म्हणून नवी नवी लागले होते. हुडकेश्वरच्या रस्त्यावर तेव्हा दोन्ही बाजूंना शेतं होती आणि मधेच आमची कंट्रोल रूम. मौद्यापासून सावनेरपर्यंत आमच्या लाइनी पसरलेल्या होत्या. कोणती लाइन चालू, कोणती बंद, हे सगळं त्या एका खोलीतून ठरायचं. माझा तोरा विचारू नका. मला येतं ते इथे कोणालाच येत नाही, असं मला वाटायचं, आणि ते खरंही होतं. त्यामुळेच मी असह्य झाले होते.

चाफले त्या खोलीत परमिट क्लार्क होते. परमिट म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. लाइनमनला पोलवर चढायचं असलं की तो कंट्रोल रूमकडून परमिट घेतो. मग ती लाइन बंद होते, आणि तो खाली उतरून परमिट परत करेपर्यंत कोणीही ती चालू करायची नाही. चालू करण्याला आमच्याकडे चार्ज करणं म्हणतात. वर माणूस असताना लाइन चार्ज झाली तर काय होतं, हे चाफल्यांनी पाहिलेलं होतं. ते मौद्याकडच्या एका खेड्यातले. बासष्ट साली खलाशी, म्हणजे लाइनमनचा मदतनीस, म्हणून लागले, मग लाइनमन झाले. एकोणसत्तर साली ते आणि नत्थूजी नावाचा त्यांचा जोडीदार एकाच पोलवर होते. सबस्टेशनातल्या माणसाला वाटलं, काम झालं असेल. नत्थूजी वर तारेलाच राहिला. चाफले खाली फेकले गेले, डाव्या हाताची दोन बोटं गेली, आणि तेव्हापासून ते खुर्चीवर बसायला लागले. त्यांच्या बायकोने, जिजाबाईंनी, मला एकदा सांगितलं होतं, "तो दिवस गेला तशी ह्यायची झोप गेली पाहा. रात्री उठून मले विचारते, वरून सगळे उतरले का वं?"

हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी त्यांची टिंगल करायची. कारण त्यांनी माझ्या यंत्रांवर शंका घेतली होती.

तोवर परमिटची रजिस्टरं गावोगावच्या सबस्टेशनात वेगवेगळी असायची. ती बंद करून सगळ्यांची एकच यादी नागपूरला संगणकात ठेवायची, हे माझं काम. संगणक बंद पडला तर? म्हणून दोन संगणक. पहिल्यात नोंद झाली की ती लगेच वायरीतून दुसऱ्यात उतरायची. पहिला दर सेकंदाला दुसऱ्याला कळवत राहायचा, की मी आहे. ते कळवणं थांबलं की अर्ध्या मिनिटात दुसरा स्वतःहून कारभार हातात घ्यायचा, आणि ऑपरेटरला कळायचंही नाही. लोकांनी पहिलीला थोरली आणि दुसरीला धाकटी म्हणायला सुरुवात केली. मीही तेच म्हणू लागले.

सगळं जोडून झालं त्या दिवशी मी खोलीत सर्वांना समजावून सांगितलं. चाफल्यांनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"मॅडम, थोरली मेली हे धाकटीले कसं समजन?"

"तिची हाक येणं बंद होतं, त्यावरून."

"अन् मधातली वायरच तुटली तर? थोरली जिती हाये, अन् धाकटीले वाटून राह्यलं का मेली. मंग दोघीही घर चालवतीन न. एक म्हणन लाइन चालू करा, दुसरी म्हणन माणूस वर हाये. आमी कोनाचं आयकाव?"

लोक हसले. मीही हसले, पण रात्री घरी ताट बाजूला सारून त्याच प्रश्नावर कागदावर रेघोट्या ओढत बसले. तीन दिवसांनी मी दुसऱ्या भिंतीवरून दुसरी वायर टाकून घेतली. कोणाच्या सांगण्यावरून टाकली हे कोणाला सांगितलं नाही. उलट चहाच्या वेळी म्हणाले, "चाफल्यांना विचारून आता वायरीलासुद्धा चप्पल घालू."

सहा महिने दोघी नीट चालल्या. रोज सकाळी मी खबरदारी म्हणून थोरलीतली पूर्ण यादी धाकटीत उतरवून घ्यायची. त्यासाठी एक छोटा प्रोग्राम होता. तो दोनच प्रश्न विचारायचा, कुठून आणि कुठे. मी आधी थोरली टाइप करायची, मग धाकटी. रोज. दसऱ्याच्या आठवडाभर आधी साहेबांनी माझ्या आग्रहावरून कागदाचं शेवटचं रजिस्टरही बंद करून टाकलं. पाळी बदलताना पूर्वी एकजण वाचायचा आणि दुसरा सही करायचा, तेही बंद झालं. सगळं स्क्रीनवर आहे, मग वाचून काय दाखवायचं?

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी पक्कड, हातमोजे, शिड्या, जीप, सगळ्यांची पूजा होते, आणि पूजेच्या वेळी हत्यार चालू ठेवत नाहीत. लोकांनी विचारलं, कंप्युटरची पूजा कशी करायची? ते तर बंद करता येत नाहीत. मला तर हेच हवं होतं. मी म्हटलं, करता येतात, म्हणून तर दोन आहेत. आधी थोरली बंद करू, तिची पूजा होईतोवर धाकटी काम बघेल. मग थोरली चालू करून धाकटीची पूजा. सगळ्यांना कौतुक वाटलं. सर्वांत वयस्क म्हणून पूजेला चाफले बसले. त्यांची पाळी दोन वाजता सुरू व्हायची होती. स्क्रीनवर धोंडबा नावाचा सकाळचा ऑपरेटर होता.

पावणेबाराला थोरली बंद केली. हळद-कुंकू जाळीतून आत पडेल म्हणून मी वर प्लास्टिक पसरलं, त्यावर झेंडूचा हार आला. सव्वाबाराच्या सुमाराला मौद्याच्या दोन नंबर लाइनसाठी कवडू नावाच्या लाइनमनचा फोन आला. त्याने परमिट घेतलं, मौद्याच्या सबस्टेशनने लाइन बंद केली आणि धोंडबाने ते धाकटीत टाइप केलं. सगळं बरोबर झालं. हे मला त्या वेळी माहीत नव्हतं, मी प्लास्टिक धरून उभी होते.

दीड वाजला. गुरुजींना पुढे एका कारखान्यात जायचं होतं, ते घाई करत होते. मी थोरली चालू केली. आता पावणेदोन तासांत धाकटीत जे नवं आलं ते आधी थोरलीत उतरवायचं होतं. मी प्रोग्राम लावला. त्याने विचारलं, कुठून. मी लिहिलं, थोरली. कुठे. धाकटी.

आमच्या घरांत सगळं थोरल्याकडून धाकट्याकडे जातं. कुंकू आधी थोरलीला, पहिलं ताट थोरल्याला, जुने कपडे थोरल्याचे धाकट्याला. तसंच हाताने केलं, असं मी नंतर स्वतःला सांगून पाहिलं. पण ती माझी चूक होती, हाताची नाही. थोरलीची जुनी यादी धाकटीवर उतरली आणि थोरलीत नसलेलं कवडूचं परमिट धाकटीतूनही पुसलं गेलं. मी धाकटी बंद केली, तिच्यावरही हार चढला, ती पुन्हा चालू झाली. दोघी छान जुळलेल्या दिसत होत्या.

दोन वाजता धोंडबा उठला. दसऱ्यासाठी नागपुरात येणाऱ्या गर्दीने रस्ते भरायला लागले होते आणि त्याला गावाची बस गाठायची होती. "सगळं मशीनमधी हाये," असं चाफल्यांना म्हणाला आणि गेला. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याला तसंच सांगितलेलं होतं.

दोन चाळीसला आमच्या स्वतःच्या फोन लाइनवर मौद्याच्या सबस्टेशनची रिंग आली. तिथेही पाळी बदलली होती. नव्या ऑपरेटरने विचारलं, "दोन नंबर बंद हाये. गावात पान्याची टाकी खाली हाये, उद्या सण, लोकं बोंबलून राह्यले. चार्ज करू का?"

चाफल्यांनी स्क्रीन पाहिला. दोन नंबरवर परमिट नव्हतं. त्यांनी विचारलं, "बंद काहून होती?"

"माहीत नाई गा. सकाळच्या पाळीनं बंद केली. आपोआपच ट्रिप झाली असन."

चाफल्यांनी फोन टेबलावर ठेवला. धाकटीच्या स्क्रीनपाशी गेले, तिच्यातही बघितलं. परत आले. खुर्चीवर बसले नाहीत.

"काय झालं?" मी विचारलं.

"लाइन बंद हाये, अन् कोनी सांगत नाई का काहून बंद हाये."

"चाफले, परमिट नाही. थोरली सांगते आहे, नाही. धाकटी सांगते आहे, नाही. दोघी सारखंच सांगतात. अजून काय पाहिजे तुम्हाला?"

ते हळू आवाजात म्हणाले, "दोघी सारखंच सांगून राह्यल्या म्हनूनच भेव लागते. एकीनं दुसरीचंच आयकून सांगतलं, तर साक्षीदार एकच झाला न, मॅडम."

आज हे वाक्य मला पाठ आहे. तेव्हा मला त्याची चीड आली. माझ्या सहा महिन्यांच्या कामावर हा माणूस सगळ्यांसमोर शंका घेतो, आणि तिकडे गाव पाण्यावाचून थांबलंय. मी म्हटलं, "तुमच्या भीतीने संस्था चालत नाही." आणि फोन उचलला. मी अधिकारी होते, माझा शब्द चालायचा.

"मौदा, मी मॅडम बोलतेय. दोन नंबर चार्ज..."

चाफल्यांनी भिंतीवरच्या पट्टीतून फोनची वायर उपटून काढली.

पंचवीस वर्षांच्या नोकरीत या माणसाने कोणाला उलट उत्तर दिलं नव्हतं. मी ओरडणार होते. तेवढ्यात तेच म्हणाले, "त्यानं आयकलं का?"

"काय?"

"तुमी चार्ज म्हनलं. त्यानं आयकलं का वं पोरी?"

मला मॅडम म्हणायचं ते विसरले होते. मी काय म्हणाले ते मला तेव्हा कळलं. 'चार्ज' हा शब्द तोंडातून गेला होता. 'करा' की 'करू नका', हे तिकडच्या माणसाने त्याच्या मनाने ठरवायचं होतं, आणि गाव त्याच्या डोक्यावर बसलेलं होतं. दुसरा फोन साहेबांच्या केबिनमध्ये होता. पूजा आटोपून साहेब कुलूप लावून गेले होते. अजून मला वरती माणूस आहे हे माहीत नव्हतं, तरी मी घाबरले. एवढी भीती मला त्या माणसाच्या चेहऱ्यावरून लागली.

चाफले गुडघ्यावर बसले. त्या फोनच्या तारा आमच्याच पोलांवरून जायच्या आणि कधी कधी चांगला झटका द्यायच्या. घरात चप्पल घालून दिवा लावणाऱ्या माणसाने वायरीची दोन उघडी टोकं बोटांत धरली आणि पट्टीवरच्या स्क्रूंवर दाबली. डाव्या हाताला तीनच बोटं. एक टोक सारखं निसटत होतं. "बोला," ते म्हणाले. मी हॅलो म्हटलं. काही नाही. त्यांनी टोक पुन्हा दाबलं. मी हॅलो म्हटलं. खरखर आली. कोणी उचलत नव्हतं. ऑपरेटर फोनपाशी नसेल तर तो लाइन चालू करायच्या हँडलपाशी असेल, हे आम्हां दोघांनाही माहीत होतं. मी ओरडत राहिले. किती वेळ गेला ते नाही सांगता येत.

"हॅलो, मॅडम? फोन कटला होता. चार्ज म्हनले न? मी हँडलपाशीच गेलो होतो."

"करू नका," मी म्हटलं. "हात लावू नका. लाइनवर माणूस पाठवून बघा. मी सांगेपर्यंत हात लावू नका."

चाफल्यांनी वायर सोडली नाही. तशीच धरून बसले. मौद्याहून जीप निघाली आहे असं कळलं, तरी बसले.

ती पाऊण तासाची वाट मी कशी काढली? आधी मी मनात म्हणत होते, कोणी नसू दे. म्हणजे माझंच बरोबर ठरेल. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच म्हणत होते. मग स्वस्थ बसवेना म्हणून मी प्रोग्रामच्या नोंदीचा कागद काढला. दीड वाजून दोन मिनिटं. कुठून, थोरली. कुठे, धाकटी. मी ती ओळ तीनदा वाचली. त्या मधल्या पावणेदोन तासांत कोणीतरी काहीतरी लिहिलं असेल, आणि ते मी पुसलं होतं. धोंडबा बसमध्ये होता, विचारायला कोणी नव्हतं. आता मी म्हणायला लागले, वर कोणी असेल तर जिवंत असू दे. हँडलला चुकून धक्का लागला असेल, पहिल्या पाळीचा कोणी परत येऊन काही करेल, असलं सगळं डोळ्यांसमोर येत होतं. चाफल्यांकडे बघायची हिंमत होत नव्हती. हा माणूस अठरा वर्षं रोज असाच बसत होता, हे मला त्या पाऊण तासात कळलं.

साडेतीनला रिंग आली. मौद्याचा ऑपरेटर घाईघाईने सांगू लागला. "कवडू हाये वरती. नाल्यापलीकडच्या पोलवर. दोनी हातानं तार धरून जोडाचा जंपर बांधून राह्यला होता. करंट जमिनीत उतरवाची साखळी एकाच बाजूनं टाकली होती, आपल्या बाजूनं नाई. आमाले म्हनते, अजून अर्धा घंटा लागन."

चाफल्यांनी तेव्हा कुठे पेचकस मागून टोकं स्क्रूंखाली आवळली आणि वायर सोडली. मटक्यातून पाणी घेऊन प्यायले. कवडू खाली उतरल्याचा, परमिट परत केल्याचा फोन येईपर्यंत ते फोनपाशीच बसून राहिले. मग मी त्यांना तो कागद दाखवला. त्यांना इंग्रजी फारसं येत नव्हतं. मी समजावून सांगितलं, की चूक माझी आहे, यंत्राची नाही, धोंडबाची नाही.

"मले समजलं होतं," ते म्हणाले. "तुमी कागद वाचून राह्यल्या होत्या तवाच."

"मी साहेबांना सांगते. आणि कवडूलाही सांगते."

"सायबाले सांगा. कवडूले सांगू नोका."

"का?"

"त्याले समजलं का मशीन माणूस पुसून टाकते, तर उद्यापासून थो परमिटच घेनार नाई. आपल्याच भरोशावर चढन. थो चढला तर बाकीचेही चढतीन." मग म्हणाले, "मले त्याचंच भेव वाटते."

साहेबांना मी त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, कागद घडी करून खिशात ठेवला, आणि दुसऱ्या दिवसापासून कागदाचं रजिस्टर पुन्हा सुरू झालं. खोलीतल्या बाकीच्या लोकांना मी एवढंच सांगितलं, की चाफल्यांनी घाबरून वायर उपटली. ते हसले. मी हसू दिलं.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी कंट्रोल रूमवर गेले तर कवडू बाहेर उभा होता. तिशीचा, काटक माणूस, नवा पांढरा शर्ट, हातात आपट्याच्या पानांची पिशवी. मौद्याहून पहिल्या बसने आला होता. त्याने आधी चाफल्यांना सोनं दिलं. चाफल्यांनी ते घेतलं, त्याचा हात आपल्या तीन बोटांत धरला आणि सोडलाच नाही, तेव्हा तो लाजून म्हणाला, "सोडा न गा काका, जिता हाये मी." मग तो माझ्यापुढे आला.

"काकानं काल राती फोनवर सांगतलं मले," तो म्हणाला. "मॅडमच्या मशीननं तुले वाचवलं म्हने. तिनं सांगतलं, वर माणूस हाये. माझी माय बोलली, त्या बाईच्या पायावर डोकं ठेवून ये."

मी चाफल्यांकडे पाहिलं. ते खिडकीतून बाहेर शेताकडे बघत होते. त्यांनी सांगितलं होतं म्हणून मी गप्प राहिले, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला समजावत आले. पण त्या क्षणी त्यांचं सांगणं माझ्या डोक्यातही नव्हतं. मला ते ऐकायला बरं वाटलं होतं. कवडूने पिशवी खाली ठेवली, वाकला, कपाळ माझ्या पायांवर टेकवलं, आणि मी पाय मागे घेतले नाहीत.